नाक धरून थोबाडीत

मी मारकी बाई होते, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला मी प्रेमळ म्हातारी वगैरे वाटायला नको. नाव मुलांनीच ठेवलं होतं. त्या गावात एक मारकी म्हैस होती आणि एक मी. दोघींच्या वाटेला कुणी जात नसे. हे नाव माझ्या कानावर आलं तेव्हा राग आला नाही, उलट बरं वाटलं. बाईमाणूस म्हणून गावात आपल्याला कुणी हलक्यात घेत नाही, असा मी त्याचा अर्थ काढला.

ऐंशीनंतरची ती पहिली काही वर्षं. राजापूरहून बरंच आत, दिवसातून दोनदा एसटी येणारं गाव. सातवीपर्यंतची शाळा, आम्ही चार शिक्षक, त्यातली बाई मी एकटी. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, खाली सारवलेली जमीन. शाळेमागे निरगुडीची झुडपं होती आणि त्यांचा औषधी उपयोग आम्हा शिक्षकांना ठाऊक नव्हता. आम्हाला निरगुडीची शिमटी ठाऊक होती. ज्याला मार खायचा त्यानेच जाऊन आपल्यासाठी शिमटी कापून आणायची, असा रिवाज होता. बारीक आणली तर दोन जास्त बसत, आणि बारीकच जास्त लागते हे मुलांना आधी माहीत नसे. जाडी आणली तर ती मोडेपर्यंत. काही मुलं पाच मिनिटं झुडपात उभी राहून रडून घेत आणि मगच परत येत. मी खिडकीतून बघत असे आणि घड्याळाकडे बोट दाखवत असे.

आता कुणी विचारेल, तुम्ही एवढ्या चिडक्या का होतात. माझे वडील शिक्षक होते आणि त्यांनी मला पाढ्यांसाठी पडवीच्या खांबाला बांधून मारलं होतं, हे एक कारण सांगता येईल. पण मी ते सांगत नाही, कारण माझ्या धाकट्या बहिणीलाही त्याच खांबाला बांधलं होतं आणि ती आयुष्यात कुणाला टिचकी मारू शकली नाही. मला मारायला आवडायचं. डी.एड.ला बालमानसशास्त्रात मला वर्गात सगळ्यांत जास्त गुण होते, तेही सांगून ठेवते.

मुलांना रोज शिमटीने मारून हात दुखतो. खांद्यात कळ यायला लागली की लक्षात येतं की हे काम वाटून द्यायला हवं. त्यासाठी एक पद्धत आधीपासून चालत आलेली होती, माझ्या वडिलांच्या शाळेतही होती, आणि मी ती मनापासून उचलली. बाईंनी तोंडी प्रश्न विचारायचा. ज्याला येत नाही त्याने उभं राहायचं. उत्तर येईपर्यंत प्रश्न पुढे सरकत जायचा आणि ज्याला बरोबर उत्तर येईल त्याने उठून उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या थोबाडीत मारत यायचं. डाव्या हाताने नाक धरायचं, म्हणजे तोंड फिरवता येत नाही, आणि उजव्या हाताने द्यायची. वर्ग खूश असायचा. ज्याने काल खाल्ली तो आज काढायचा. आणि मैत्रीखातर कुणी हळू मारली, नुसतं गालाला बोट लावल्यासारखं केलं, तर मी त्या मारणाऱ्याला जवळ बोलवायचे. "हळू मारलीस होय? ये, कशी मारायची ते दाखवते." एकदा दाखवलं की पुन्हा दाखवावं लागत नसे. मुलांमध्ये चुरस लागते, अभ्यास वाढतो, असं मी तालुक्याच्या बैठकीत उभी राहून सांगितलेलं मला आठवतं, आणि समोरच्या माना हलल्या होत्या.

त्या साली माझ्याकडे पहिल्यांदाच आलेल्या सातवीच्या वर्गात एकतीस मुलं होती. त्यातली एक मुलगी बौद्धवाडीतली. बाप मुंबईला, आई गावात इतरांच्या शेतावर मजुरीला. मुलगी काळीसावळी, ठेंगणी, केस तेलाने चापून बसवलेले, आणि तोंड कायम मिटलेलं. तोंडी प्रश्नाला ती रोज उभी राही. रोज कुणाची तरी थोबाडीत खाई. खाताना डोळे मिटत नसे, पाणी काढत नसे, नुसती भिंतीवरच्या नकाशाकडे बघत राही. मला वाटलं, मठ्ठ आहे बिचारी, सातवी कशीबशी झाली म्हणजे मिळवलं.

मग रखडलेले सहामाहीचे गणिताचे पेपर पौषात तपासले आणि तिला पन्नासांत शेहेचाळीस पडलेले बघून माझं डोकं फिरलं. कॉपी केली म्हणावं तर तिच्या आजूबाजूला वीसच्या वर कुणी नव्हतं. मी भूगोलाचा पेपर काढला, इतिहासाचा काढला. सगळीकडे ती पहिली. मोत्यासारखं अक्षर आणि पहिला नंबर, आणि वर्गात तोंडातून शब्द नाही. म्हणजे ही बया मला खेळवत होती, असा सरळ अर्थ मी काढला.

दुसऱ्या दिवशी तिला टेबलाजवळ बोलावलं. पेपर समोर टाकला.

"हे तूच लिहिलंस?"

"व्हय."

"मग वर्गात का सांगत नाहीस? येतं ना तुला?"

"येतं."

"मग?"

ती नकाशाकडे बघायला लागली. मी तिलाच शिमटी आणायला पाठवलं. ती दोन मिनिटांत घेऊन आली, बारीकही नाही आणि जाडीही नाही, बरोबर मध्यम, आणि त्याचाही मला राग आला. तळहातावर मारल्या. उजव्या हातावर सहा, डाव्या हातावर सहा. दर वेळी विचारत होते, बोलशील का, उद्यापासून सांगशील का. ती बोलेना तेव्हा पोटऱ्यांवर मारल्या. परकराच्या खाली लाल वळ उठलेले दिसत होते. एकतीस मुलांचा वर्ग इतका गप्प होता की मोठ्या गुरुजींच्या, म्हणजे मुख्याध्यापकांच्या, बाहेर बांधलेल्या वासराचा आवाज ऐकू येत होता. शेवटी ती म्हणाली, "सांगेन, बाई." मी शिमटी खाली ठेवली आणि घाम पुसला. मला वाटलं, आज आपण एका मुलीचं कल्याण केलं.

तिचं कल्याण व्हायची गरज होती, हेही खरं. कारण त्याच आठवड्यात मी तिच्या आईला रस्त्यात गाठलं होतं. पुढची शाळा नऊ मैलांवर होती. सातवीनंतर मुली घरी बसत. पण रत्नागिरीत मुलींचं एक वसतिगृह होतं. वार्षिक परीक्षेत चांगले गुण पडले तर तिथे जागा, जेवण आणि हायस्कूल, सगळं फुकट. मी आईला म्हटलं, तुमची मुलगी नक्की जाईल, माझं नाव सांगा. आई डोक्यावरचा भारा तसाच ठेवून ऐकत होती. म्हणाली, "तिला तुमच्यासारखी बाई व्हायचंय वो." ते ऐकून मी दिवसभर खुशीत होते.

दोनच दिवसांनी. दुपारचा गणिताचा तास. मी फळ्यावर वर्तुळ काढलं, आत एक रेघ ओढली आणि विचारलं, व्यास चौदा, तर परीघ किती? पहिल्या रांगेपासून सुरुवात केली. एकेक जण उभा राहत गेला. नऊ जण उभे झाले. त्यात नववा मानकऱ्यांच्या घरचा मुलगा होता. मानकरी म्हणजे त्या गावातलं पहिलं घर. शिमग्यात देवीच्या पालखीला पहिला खांदा त्यांचा, गावकीच्या बैठकीत शेवटचा शब्द त्यांचा. मुलगा तसा वाईट नव्हता. मंद होता, गुबगुबीत होता, आणि आपण कोण हे त्याला घरातून शिकवलेलं होतं.

दहावा नंबर तिचा. तिने उठून माझ्याकडे बघितलं. मी शिमटी टेबलावर हळूच टेकवली.

"चव्वेचाळीस," ती म्हणाली.

"शाब्बास. चल, दे एकेकाला."

ती जागची हलली नाही. मी पुन्हा म्हटलं, चल. ती पहिल्या मुलीजवळ गेली, नाकाला बोट लावल्यासारखं केलं आणि गालाला नुसता हात लावला. मी तिला बोलावलं आणि कशी मारायची ते दाखवलं. तिच्या गालावर माझी चार बोटं उमटली. मग तिने पहिलीला मारली. दुसरीला मारली. तिसऱ्याला, चौथ्याला. आवाज यायला लागला. मी मोजत होते. आठव्यापर्यंत ती आली आणि थांबली.

मानकऱ्यांचा मुलगा मान मागे घेऊन उभा होता. वर्गातल्या प्रत्येकाला काय घडतंय ते कळलं होतं. मलाही कळलं होतं. मी मूर्ख नव्हते. त्या गावात त्या घराच्या माणसाला बौद्धवाडीतल्या कुणी हात लावणं म्हणजे काय, हे मला तिथे दोन वर्षं राहून नीट माहीत होतं. तिची आई त्यांच्या पडवीच्या खालच्या पायरीवर बसून मजुरी घ्यायची, हेही मी पाहिलेलं होतं. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात काय होतं म्हणाल, तर माझ्या वर्गात सगळे सारखे. इथे उत्तर येणारा आणि न येणारा, एवढाच फरक. बघा म्हणावं गावाने. माझं ऊर भरून आलं होतं. मी म्हटलं, "धर नाक."

तिने नाक धरलं. तिने मारली. मी नुकतीच दाखवलेली होती, तशीच मारली. मुलाचा गाल लाल झाला, डोळ्यांत पाणी आलं, आणि मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. हसणाऱ्याला मी पट्टी फेकून मारली. तास संपला. मी शिक्षकांच्या खोलीत जाऊन चहा करून घेतला, त्यात जास्तीची साखर घातली.

पाच वाजता शाळा सुटली. बौद्धवाडीकडे जाताना एक पऱ्या, म्हणजे ओढा, लागतो. पावसाळ्यात त्याला पाणी भरून वाहतं, पौषात घोटाभर. त्यावर लाकडी साकव होता. साकवाच्या अलीकडे मुलाचा काका आणि आणखी दोघे उभे होते. काका मुंबईला नोकरीला, रजेवर गावी आलेला. बरोबर मुलगाही होता. पुढचं मला दोन दिवसांनी एका मुलीने सांगितलं. ती काजूच्या झाडामागून बघत होती. त्यांनी हिला आधी साकवावरून खाली ढकललं. केसांना धरून वर ओढलं, तोंडावर मारलं, कमरेत लाथा घातल्या. काका विचारत होता, कनच्या हातानं मारलंस? तिने उजवा हात पुढे केला. इतकी वर्षं शिमटीसाठी हात पुढे करायची तिला सवय होती. तो हात कातळावर ठेवायला लावून त्यांनी चिऱ्याच्या तुकड्याने ठेचला. चार बोटं आणि तळव्याचं हाड. मानकऱ्यांचा मुलगा तिचं दप्तर हातात धरून उभा होता. त्याला ते धरायला सांगितलं होतं.

मी वाडीत गेले ती तिसऱ्या दिवशी. गेले नसते तर बरं झालं असतं, असं आजही कधी वाटतं. झोपडीत अंधार होता. हाताला बांबूच्या कामट्या बांधल्या होत्या आणि बोटं वांग्यासारखी सुजून काळी पडली होती. राजापूरच्या दवाखान्यात नेलं तर कागद होतील, म्हणून गावातल्या हाडं बसवणाऱ्याकडून बांधून घेतलं होतं. एक डोळा मिटला होता. ती मला बघून उठून उभी राहिली. बाई आल्यावर उभं राहायचं, हेही मीच शिकवलेलं.

आई चुलीपाशी होती. ती ओरडली नाही. ती मला शिव्या देईल म्हणून मी मनात तयारी करून गेले होते, काय उत्तर द्यायचं ते ठरवलं होतं.

"मीच सांगितलंवतं तिला," आई म्हणाली. "वर्गात उत्तर देव नको. मार खा, पण कोणाला मारू नको. दोन वर्सं ऐकलंन तिनं माझं. त्या दिवशी मार खावन घरी आली तर पाय सुजलेले. मी बोलले, आता ऐक बाईंचं, सांग उत्तर. बाई हायत ना."

मी तिथून निघाले.

हाडं बसवणाऱ्याकडून गोष्ट बाहेर गेली की आणखी कशी, पण राजापूरला राहणाऱ्या मुलीच्या मामाने पोलिसांत अर्ज दिला. आठवड्याने हवालदार आला. मोठ्या गुरुजींच्या खोलीत खुर्च्या मांडल्या. एका बाजूला काका आणि मानकरी, दुसऱ्या बाजूला मी, दाराशी ती आणि तिची आई. हवालदार यायच्या आधी मोठ्या गुरुजींनी मला ओसरीवर बोलावलं. भला माणूस होता, कधी आवाज चढवून बोलला नव्हता. म्हणाले, "बाई, एका मुलाकडून दुसऱ्याला मारवलंत असं कागदावर आलं, तर आधी तुमची नोकरी जाईल. मग चौकशी माझी. आणि हे लोक तुम्हाला एसटीपर्यंत तरी पोचू देतील का, याचा विचार करा. तुम्ही एकट्या राहता." मी म्हटलं, खरं सांगायला नको का? ते म्हणाले, "खरं सांगून तिचा हात बरा होणार आहे का?"

आता हे लिहिताना त्यांना दोष देणं सोपं आहे. पण त्यांनी मला धमकी दिली नव्हती. मला जे ऐकायचं होतं तेच ते बोलले. काकाला मी पाहिलं होतं, त्याच्या हातांकडे पाहिलं होतं. रोज शिमटी चालवणाऱ्या बाईला मार किती लागतो ते चांगलं माहीत असतं. मी घाबरले होते. वडिलांनंतर पहिल्यांदा मला कुणी मारेल अशी वेळ आली होती.

काका म्हणाला, "पोरगीनं आपल्या मनानं मारलान आमच्या पोराला. वर्गात बाईंदेखत. बाईंनी सांगितलं आसल तर बाईंनी बोलावं, आमी बाईंकडं बघू." शेवटचे शब्द त्याने माझ्याकडे बघून सावकाश उच्चारले.

हवालदाराने मला विचारलं, "तुम्ही सांगितलं होतं का हो बाई, मारायला?"

"नाही," मी म्हटलं. "मी सांगितलं नव्हतं."

इतकं सोपं होतं ते. हवालदाराने लिहून घेतलं, मग दाराकडे वळून तिला विचारलं, "मग तू का मारलंस गं?"

आईच्या जुन्या लुगड्याच्या पट्टीत तिचा हात गळ्यात बांधलेला होता. तिने माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर मी काय केलं असतं, कोण जाणे. बहुतेक काहीच केलं नसतं.

"चुकले," ती म्हणाली.

बाजूच्या भिंतीआड माझा सातवीचा वर्ग बसलेला होता. मधली भिंत पुरुषभर उंचीची, वर सगळं मोकळं. पलीकडून कुजबुजसुद्धा ऐकू आली नाही. नंतर तडजोड झाली. पोरगी पऱ्यात पडली असं लिहिलं गेलं, मामाने अर्ज मागे घेतला, आणि आईने मुलीला घेऊन मानकऱ्यांच्या अंगणात जाऊन माफी मागितली. पडवीवर मानकरी बसले होते, खाली उन्हात या दोघी. मोठे गुरुजी बरोबर गेले होते. मला डोकं दुखत असल्यामुळे मी गेले नाही.

एवढं होऊनही ती शाळेत आली, याचं मला तेव्हा नवल वाटलं आणि थोडा रागही आला. रोज ते गळ्यातलं फडकं समोर नको होतं. कामट्या सुटल्या, पण बोटं वाकडी बसली होती, मूठ वळत नव्हती, पेन्सिल धरता येत नव्हती. ती डाव्या हाताने पाटीवर अक्षरं गिरवायची, बालवाडीतल्या मुलासारखी, मोठी आणि उलटीसुलटी. मार्च जवळ येत होता. नियमाप्रमाणे हात मोडलेल्या मुलाला परीक्षेत लेखनिक देता येतो. तिने उत्तरं सांगायची, लहान वर्गातल्या कुणी लिहायची. मी अर्जाचा कागद घेऊन बसले. त्यात एक रकाना होता, हात कशामुळे निकामी झाला. त्यापुढे मी पेन टेकवलं आणि उचललं. पऱ्यात पडली असं लिहावं, तर खाली माझी सही. खरं लिहावं, तर तीच सही. दोन दिवस तो कागद माझ्या पर्समध्ये होता. मग अर्जाची मुदत गेली.

तिने डाव्या हाताने तीन पेपर दिले. मराठीच्या पेपरात निबंधाच्या पाच ओळी झाल्या तेवढ्यात घंटा वाजली. गणिताला उत्तरं सगळी बरोबर होती, पण चारच गणितं झाली होती. मी वर्गात पहारा करत होते. तिच्या मागे उभी राहून मी ती चार गणितं बघितली. चौथ्या दिवशी ती आली नाही. निकाल लागायच्या आधी बाप तिला मुंबईला घेऊन गेला. वसतिगृहाची जागा दुसऱ्या गावच्या मुलीला मिळाली. तिच्या दाखल्यावर शाळा सोडण्याचं कारण मी माझ्या हाताने लिहिलं, पालकांचे स्थलांतर.

मग मी सुधारले असेन असं कुणाला वाटेल. नाही. नाक धरून थोबाडीत मारवणं मी तिचा हात ठेचल्याचं कळल्यापासून बंद केलं, पण हात थांबला नाही. उलट पुढची काही वर्षं मी जास्त मारलं, आणि स्वतः मारलं. मुलं घाबरून हात मागे घेत तेव्हा तर मला आणखी चेव यायचा. बदली होऊन संगमेश्वर तालुक्यात गेले, तिथेही मारलं. पालक मुलाला हाताला धरून आणायचे आणि म्हणायचे, बाई, चांगला बडवा, घरी ऐकत नाही. मग हळूहळू असं म्हणणारे पालक कमी झाले. मुंबईहून परतलेले बाप विचारायला लागले की आमच्या पोराला का मारलंत. प्रशिक्षणाला गेलं की गाणी म्हणायला लावायचे, टाळ्या वाजवायला लावायचे, मूल फुलासारखं असतं असं एक पोरगेला साहेब फळ्यावर लिहायचा. आम्ही जुन्या बायका मागे बसून एकमेकींना कोपर मारायचो. शेवटी कायदा आला आणि शिमटी सुटली. म्हणजे कायदा आला म्हणून सुटली. माझ्या मनाने मी ती सोडली नव्हती, एवढं तरी खरं लिहिते. त्यानंतर लवकरच मी निवृत्त झाले. आता मुलांना मारत नाहीत याचं माझ्या वयाच्या मास्तरमंडळींना वाईट वाटतं. पेन्शनच्या रांगेत ते बोलत असतात, त्यामुळे पिढी बिघडली म्हणतात. मी त्यांना सांगते, बिघडली तर बिघडू दे. ते हसतात. माझ्याच तोंडून हे, म्हणून.

गेल्या उन्हाळ्यात त्या गावाहून फोन आला. सातवीच्या त्या वर्गाचा मेळावा. सगळे पन्नाशीच्या पुढचे झालेले. गाडी पाठवतो, बाई, तुम्ही यायलाच पाहिजे. मी गेले. शाळा आता स्लॅबची, बाहेर मंडप घातलेला. पोरं ढेरपोटी झालेली, पोरी आज्या झालेल्या. एकेक जण माइकवर येऊन माझ्या माराचे किस्से सांगत होता आणि मंडप हसून लोटपोट होत होता. बाईंनी मला अठरा मारल्या. मला बाईंनी उन्हात दोन तास उभं केलं. बाईंच्या मारामुळेच आम्ही घडलो. मी शाल-नारळ मांडीवर घेऊन बसले होते आणि प्रत्येक किश्श्याला मान हलवत होते.

मेळावा भरवला होता मानकऱ्यांच्या मुलाने. आता तोच मानकरी. केस पांढरे, चेहरा तोच गुबगुबीत. कार्यक्रम संपल्यावर तो माझ्या खुर्चीजवळ आला, फोटोसाठी बाकीचेही गोळा झाले. मी सकाळपासून मोजत होते. मेलेले तीन सोडले तर एकच माणूस कमी होतं. मी त्याला विचारलं, तिला बोलावलं नाहीस?

त्याला कळायला वेळ लागला. की लागला नाही, पण लागल्यासारखं त्याने केलं.

"ती व्हय," तो म्हणाला. "नाय बाई. हा सातवी पास झालेल्यांचा मेळावा हाय. ती कुठं पास झाली?"

माझा हात कधी उठला ते मला कळलं नाही. सत्तरीची बाई मी, काठी घेऊन चालते, पण ती थोबाडीत मंडपाच्या शेवटच्या खांबापर्यंत ऐकू गेली. मग टाळ्या सुरू झाल्या. लोक हसत होते, शिट्ट्या मारत होते. कुणीतरी ओरडलं, बाईंचा हात अजून तसाच आहे. मानकऱ्याने गाल चोळला, हसला, आणि वाकून माझ्या पायांना हात लावला. फोटोवाला मुलगा धावत पुढे आला. म्हणाला, "आजी, तेवढं परत एकदा करा ना, माझं निसटलं."

मानकरी कॅमेऱ्याकडे तोंड करून माझ्याजवळ उभा राहिला आणि त्याने गाल पुढे केला. मी त्याच्या कानाशी म्हटलं, "त्या दिवशी तिला मीच मारायला सांगितलं होतं. हवालदाराला मी खोटं सांगितलं."

तो कॅमेऱ्याकडे बघून हसतच होता.

"ठाऊक हाय की, बाई," तो म्हणाला. "आमी सगळी वर्गातच व्हतो."